एका यंत्रातली तीन बिऱ्हाडे

माझा पुतण्या पुण्याला असतो. मध्यंतरी घरी आला असता त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले, की आपल्या छोट्या व्यवसायासाठी त्याने कोण्या परदेशी कंपनीकडून 'व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर' भाड्याने घेतला आहे. म्हणजे काय, असे मी विचारले. एकच मोठे यंत्र असते, त्याचे कप्पे पाडलेले असतात, प्रत्येक भाडेकरूला आपला कप्पा म्हणजेच सगळे यंत्र असे वाटते आणि शेजारच्या कप्प्यात कोण राहते हे त्याला कळत नाही, असे त्याने समजावून दिले. मी विचारले, "आणि ज्याच्या हाती सगळ्या कप्प्यांची किल्ली आहे तो गृहस्थ कोण? त्याचे नाव, हुद्दा, पत्ता?" पुतण्या म्हणाला, "काका, ते कुणालाच माहीत नसतं." या उत्तराने माझे डोके जे फिरले ते अद्याप ठिकाणावर आलेले नाही.

कारण नव्वदच्या दशकात, नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका सहकारी साखर कारखान्यात, तो किल्लीवाला गृहस्थ मी होतो. असल्या यंत्राला इंग्रजी नाव तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते, पण वस्तू तीच होती. माझे नाव, हुद्दा आणि पत्ता मात्र पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होता, आणि त्यामुळेच एका मुलीचे लग्न माझ्या टेबलापाशी येऊन अडले. ती हकिगत येथे सांगायची आहे.

तत्पूर्वी एक खुलासा. लेखातील माणसांची नावे मी बदलली आहेत आणि संस्थांची नावे दिलेली नाहीत. जिच्याविषयी हे लिहितो आहे त्या बाईंनी ते छापण्यास संमती दिली आहे आणि ती लेखी आहे. तोंडी संमतीवर मी कधी विसंबलो नाही. वाचकांनीही विसंबू नये.

मी मूळचा कायद्याचा पदवीधर. सनद घेतली, नगरच्या न्यायालयाच्या आवारात काही वर्षे काढली आणि पुढच्या तारखेखेरीज तेथे काहीच मिळत नाही असे पाहून कारखान्याच्या नोकरीत शिरलो. कारखान्याने संगणक घ्यायचे ठरवले तेव्हा प्रशिक्षणासाठी पुण्याला कोणाला धाडावे असा प्रश्न आला. त्या सुमारास मी व्यवस्थापनाला इतकी पत्रे लिहीत असे, की मला काही महिने गावाबाहेर ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटले. अशा रीतीने मी या धंद्यात आलो. कारखान्यात मला 'वकीलसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला समजत असे.

यंत्र दिसायला अगदीच सामान्य होते: गुडघ्याएवढ्या उंचीचा राखी डबा. त्यातून निघालेल्या तारा वेगवेगळ्या पडद्यांपर्यंत गेलेल्या. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे. डब्यात तीन बिऱ्हाडे होती. पहिले कारखान्याचे स्वतःचे, म्हणजे उसाच्या नोंदी आणि तोडणीचा क्रम. दुसरे तालुक्याच्या दूध संघाचे. तिसरे कोपरगावच्या रस्त्यावरील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाचे. ते मोडेममार्फत, टेलिफोनच्या तारेवरून आमच्या यंत्राशी बोलत असे. कारखान्याला एवढ्या क्षमतेची गरज नव्हती, इतर दोघांना स्वतःचे यंत्र परवडत नव्हते, म्हणून ही व्यवस्था. तिन्ही संस्थांशी झालेले करारनामे मी स्वतः लिहिले होते आणि त्यांतील एकही कलम शोभेचे नव्हते.

बाहेरच्या माणसाला वाटते, की देखभाल म्हणजे यंत्र चालू ठेवणे. ते तर कोणीही करील. खरे काम भाडेकरूंना एकमेकांपासून वाचवण्याचे असते. दूध संघ दर दहा दिवसांनी सगळ्या गावांची बिले एकदम काढायला बसे. मग ऊस खात्यातल्या कारकुनाचे एक अक्षर उमटायला इतका वेळ लागे, की तो पडद्याच्या डोक्यावर थापट्या मारू लागे. मी दूध संघाच्या कामांना रांगेत मागे ढकलायची आज्ञा देऊन ठेवली. त्यांचे सचिव धावत आले. "साहेब, दूध नासतंय हो तोवर." मी त्यांना कराराचे कलम दाखवले. ते म्हणाले, "कलमाला इरजण लागत नाही." रांग मात्र मी बदलली नाही.

दुसरा त्रास एसीचा. सबंध कारखान्यात थंड हवेची खोली एकच, ती यंत्राची. त्यामुळे उन्हाळ्यात संचालक मंडळ तिथेच भरे. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत तंबाखूचा वास, आणि यंत्र बिचारे त्या सगळ्यांच्या उष्णतेने तापणार. यावर मी लिहिलेल्या पत्रांना उत्तर आले नाही. टेलिफोन खात्याला लिहिलेल्या पत्रांना मात्र येत असे. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असे पत्र हाती असताना तार बंदच असे, आणि ते पत्र मी पुढच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडत असे.

हा धंदा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. घरी जेवताना कानात पंख्याची घरघर चालू असायची; ती खरोखरच थांबली तर आपल्याला कळेल का, या शंकेने मी अर्ध्या पानावरून उठून सायकल काढत असे. बायको म्हणे, "त्या डब्याला सांगा, ताट वाढलंय म्हणून."

माझी शंका एकदाच खरी ठरली, आणि ती खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. लेथ, पंप, वजनकाटा, ट्रक यांना हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि त्या दिवशी हत्याराला राबवायचे नाही. भांडारप्रमुखांनी श्रद्धापूर्वक माझ्या खोलीतही पूजा केली आणि यंत्राला विश्रांती मिळावी म्हणून मुख्य बटण बंद केले. यूपीएस ओरडू लागला, तर त्यालाही विश्रांती दिली.

येथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चालू यंत्र सगळे तात्काळ तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, लिहीत नसते. थोडे तोंडी ठेवते आणि सवडीने लिहिते. म्हणून बंद करण्यापूर्वी त्याला सूचना द्यावी लागते. सूचना न देता वीज तोडली, की जे तोंडी होते ते गेले. पुन्हा चालू केल्यावर यंत्र एकेक तुकडा पुढे करून विचारू लागते: हा कोणाचा ते समजत नाही, टाकून देऊ का? आणि प्रत्येक वेळी उत्तर आपल्याला द्यावे लागते. अशा वेळेसाठी टेपवर काढून ठेवलेल्या प्रतीवरून नोंदी परत घ्याव्या म्हटले, तर टेप घालायच्या फटीत भांडारप्रमुखांनी अक्षता वाहिल्या होत्या. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने चिमट्याने तांदूळ काढले आणि ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हाती दिले. मी भांडारप्रमुखांकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी लिहिले, 'पूजा केली नसती व बिघाड झाला असता, तर त्याची जबाबदारी आपण घेतली असती काय?' माझ्या सबंध नोकरीत मला मिळालेले सर्वांत कायदेशीर उत्तर तेच.

त्या बिघाडात रुग्णालयाच्या आदल्या दिवशीच्या नोंदी गेल्या. तिकडच्या संगणकावर कल्पना नावाची मुलगी बसत असे. तिला मी तोवर पाहिलेही नव्हते; फक्त फोनवरचा आवाज ठाऊक होता. मी फोन करून झाला प्रकार सांगू लागलो. ती म्हणाली, "सर, कागद माझ्याकडं आहेत. मी पुन्हा भरते. तुम्ही ओरडू नका कुणावर."

"मी ओरडत नाहीये."

"ऐकू येतंय की, सर. तार नसती तरी आलं असतं."

संध्याकाळपर्यंत तिने सगळे भरून दिले. पुढे तारेवर खरखर होऊन तिचा पडदा गोठला, की ती फोन करी आणि मी टेलिफोन खात्याला शिव्या देत असता शांतपणे आपले काम करत राही. तीन बिऱ्हाडांपैकी या एकालाच मला कधी कशासाठी बोलावे लागले नाही.

आता तात्यांकडे येतो. तात्या आमचे एक संचालक. धोतर, टोपी, बोलणे मोकळे. दुपारच्या जेवणानंतर ते माझ्या खोलीत खुर्चीवर मांडी घालून बसत आणि थंड हवेत डुलकी काढत. एका दुपारी त्यांनी डुलकी घेतली नाही. यंत्राकडे बघत म्हणाले, "वकीलसाहेब, ह्या डब्यात दवाखान्याचं बी असतंय म्हनं."

"असते."

"समद्या पेशंटांचं?"

"रुग्णालय जे ठेवते ते सगळे."

"आन् तुमाला समदं दिसतंय."

"पाहिले तर दिसेल. मी पाहत नाही."

तात्या हसले. "व्हय का. शेजारच्या घरात काय शिजतंय ते बी न्हाई बघत वाटतं तुमी." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सांगितले, की त्यांचा भाचा सतीश सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. त्याचे वडील लहानपणीच गेले. तात्यांनीच त्याला वाढवले. त्याला एक मुलगी पसंत पडली आहे. वडील बबनराव, दुधाचा टेम्पो चालवतात. मुलगी दवाखान्यात संगणकावर बसते, कल्पना नावाची.

"समदीकडं चौकशी केली," तात्या म्हणाले. "शाळेतल्या मास्तरांना इचारलं, गल्लीत इचारलं, तिच्या मावशीच्या गावाला जाऊन आलो. पोरगी चांगली हाय म्हनत्यात. आता ह्यो येक डबाच ऱ्हायलाय. बघून टाका, काय आजारबिजार हुता का."

आपल्याकडे लग्नाआधी चौकशी होते, आणि तीत कोणाला काही गैर वाटत नाही. किराणावाला, न्हावी, वर्गशिक्षक यांच्या ओळीत माझ्या यंत्राचा नंबर लागावा, यात तात्यांच्या दृष्टीने वावगे काही नव्हते. मी म्हणालो, "तात्या, ते सांगता येणार नाही."

"का बरं? डबा कुनाचा?"

"कारखान्याचा."

"कारखाना कुनाचा?"

"सभासदांचा."

"आन् मी कोन?"

"सभासद. शिवाय संचालक."

"मग?"

"खोली भाड्याने दिली म्हणून मालकाला भाडेकरूची ट्रंक उघडता येत नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या. मी तो रुग्णालयाकडे पाठवीन, रुग्णालय नकार देईल, आणि तो नकार मी तुम्हाला लेखी कळवीन."

तात्या उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "काय नसतं तर तुमी लगेच 'न्हाई' म्हनला असता. हाय काहीतरी."

मी जागच्या जागी उभा राहिलो. त्या काळी या विषयावर आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. पण दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, की सांभाळणाऱ्याची कर्तव्ये करार कायद्यात लिहिलेली आहेत, आणि त्यांनुसार माझे उत्तर बिनचूक होते. तरीही त्या बिनचूक उत्तरातून तात्यांना हवे ते मिळाले होते. त्या मुलीच्या कप्प्यात काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हते. काहीही नसेल, साधा तापही नसेल. आणि केवळ मी तोंड बंद ठेवले म्हणून तिचे लग्न मोडणार होते.

त्या संध्याकाळी मी यंत्रापुढे बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एक आज्ञा टंकायची होती. काही नाही असे दिसले, तर तात्यांना 'नाही' म्हणता येईल आणि विषय संपेल. पण काही असल्याचे दिसले, तर? मग उद्या मी 'नाही' म्हणायचे टाळीन, ते खरोखरच काही लपवण्यासाठी असेल. आणि एकदा 'नाही' म्हणण्यासाठी दार उघडले, की पुढच्या प्रत्येक नवऱ्यामुलाच्या मामाला ते उघडे. मी यंत्रावरची धूळ पुसली, तारा तपासल्या, बॅटरीचे पाणी पाहिले, जे सकाळीच पाहिले होते. टंकले काही नाही.

दुसऱ्या दुपारी तात्या पुन्हा हजर. मी आपणहून म्हणालो, "तात्या, मी कोणाचेच सांगत नाही. त्या मुलीचे म्हणून नव्हे."

"कुनाचंच?"

"कोणाचेही विचारा."

"बरं, माझंच दावा. मागल्या साली दवाखान्यात गेल्तो मी. माझं मला बघायला काय हरकत?"

"तेही रुग्णालयाकडे मागा. मी येथून दाखवणार नाही."

तात्यांचा चेहरा बदलला. "माझ्यात काय हाय?"

"मी पाहिलेले नाही."

"तुमी लपवू नका. शुगर हाय का मला?"

"तात्या, मला खरोखर माहीत नाही."

"असंच म्हनला हुता तुमी त्या पोरीचं बी," असे म्हणून ते ताडकन निघाले. पुढे ऐकले, की ते तसेच रुग्णालयात गेले आणि रक्त तपासून घेतले. साखर काही निघाली नाही. राग मात्र माझ्यावर निघाला.

नंतर बबनराव आले. दुधाचे कॅन रिकामे करून टेम्पो दाराशीच उभा केलेला. आत यायला संकोचत होते. "साहेब, इनंती हाय येक. पोरीचं तेवढं पुसून टाका. तुमच्या येका बोटाचं काम."

एवढी एक ओळ बोलून त्यांनी मला ते सांगून टाकले, जे मी न पाहता राहिलो होतो. मी कठोरपणे म्हणालो, की रुग्णालयाची नोंद पुसण्याचा मला अधिकार नाही. असा अधिकार मला असता तर तो आणखी कोणाच्या तरी विरुद्धही वापरता आला असता. बबनराव ऐकून घेत होते, पण त्यांना ऐकू काही जात नव्हते. "पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय," एवढेच ते म्हणाले आणि गेले. त्यांना पाणीसुद्धा विचारायचे मला सुचले नाही.

संध्याकाळी कल्पना स्वतः आली. आवाजावरून मी तिला उंच समजत होतो. ती ठेंगणी होती आणि चालण्यात घाई होती. चपला बाहेर काढून आत आली, तिने यंत्र पाहिले आणि म्हणाली, "एवढंसंच आहे होय." मग बसली. वडिलांना ती दादा म्हणत असे. "दादा येऊन गेले ना? त्यांच्या वतीनं माफी मागते."

"माफीचा प्रश्न नाही. पण पुसता येणार नाही, हे मी त्यांना..."

"सर, पुसायचं असतं तर मीच पुसलं असतं. ती नोंद माझ्याच हातानं भरलेली आहे."

तिने सरळ सांगितले, की नोकरीला लागल्यावर वर्षभरातच तिला क्षय निघाला. पूर्ण उपचार घेतले, बरी झाली. उपचार चालू असताना डॉक्टरबाईंनी लिहून दिलेली औषधे तीच रोज संगणकात भरत होती, इतर रुग्णांच्या औषधांबरोबर. "पुन्हा कधी झालाच, तर कोणतं औषध चाललं, कोणतं सोसलं नाही, हे तिथंच आहे. ते मी का पुसू?"

"आणि तो मुलगा?"

"सतीशला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्यांची काही हरकत नाही. पण त्यांच्या आई भावाच्या शब्दाबाहेर नाहीत, आणि तात्यांना क्षय म्हटलं की तो माणसाच्या सात पिढ्यांत असतो." ती थोडी हसली. "सर, तुम्ही काही सांगू नका. पण आता तात्यांपुढं गप्पसुद्धा बसू नका."

हे दोन्ही एकदम कसे करावे, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हते.

आठवडा उलटायच्या आत कार्यकारी संचालकांनी मला बोलावून एक कागद दिला. संचालकांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल माझी बदली वजनकाट्यावर करण्यात आली होती. शनिवारी यंत्राचा पासवर्ड नव्या माणसाच्या स्वाधीन करायचा. आदेश लेखी होता, त्यावर सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळे होते. आयुष्यभर ज्याचा आग्रह धरला तेच समोर आल्यावर काय बोलणार? नवा गृहस्थ तात्यांच्या गावचा होता आणि त्याला तात्यांनीच आणला होता, हे सांगायला कोणी लागले नाही.

मी खोलीत येऊन येरझारा घालू लागलो. यंत्रावर राग काढता येत नाही, हा त्याचा फार मोठा दोष आहे. शेवटी मी बसलो आणि जे मला येते ते केले. रुग्णालयाला पत्र लिहिले. 'आपल्या नोंदी आमच्या यंत्रावर ठेवताना त्यांच्या गुप्ततेची हमी मी दिली होती. शनिवारपासून ती हमी मी देऊ शकत नाही. करारातील तरतुदीनुसार आपणास जागा केव्हाही सोडता येते, व तशी इच्छा कळवल्यास आपली सर्व नोंद आपल्या ताब्यात देऊन येथील जागा पूर्णपणे रिकामी करणे आमच्यावर बंधनकारक आहे.' ते कलम लिहिताना मला सगळे हसले होते. पत्र स्वतः सायकलवरून नेऊन डॉक्टरबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "शनिवारपर्यंत होईल?" मी म्हणालो, "आपण आत्ता लिहून द्याल, तर होईल." त्यांनी लिहून दिले.

दोन दिवस मी आणि कल्पना, दोन टोकांना, फोन मानेत धरून तेच काम करत होतो. तारेवरून एवढे जाणे शक्य नव्हते, म्हणून रुग्णालयाच्या नोंदींच्या फ्लॉप्या काढल्या, तिने आपल्या संगणकात त्या चढवल्या, प्रत्येकीची संख्या जुळवली. एक फ्लॉपी वाचेना. ती पुन्हा काढली. रुग्णालयाच्या टेप मी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवल्या होत्या, त्याही डॉक्टरबाईंच्या कपाटात गेल्या. सगळे मिळाल्याची पोच आल्यावर मी यंत्रातला तो कप्पा पुसला. पुसल्यावर त्या जागेवर निरर्थक अक्षरे भरली आणि पुन्हा पुसला. त्यानंतर नव्या माणसाला पासवर्ड दिला, त्याचीही पोच घेतली, आणि उसाच्या बैलगाड्यांची वजने घ्यायला गेलो.

मंगळवारी तात्या वजनकाट्यावर आले. मुद्रा प्रसन्न. गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बघितलं मी. त्या नव्या पोरानं समदं उघडून दावलं. काय न्हाई."

"काय नाही?"

"पोरीचं नाव न्हाई. आजार न्हाई, काय न्हाई. निर्मळ हाय पोरगी. तुमी उगंच माझ्या मनात किडा सोडला हुता."

"तात्या, तेथे कोणाचेच नाव नाही."

"तेच म्हंतोय मी. आन् माझं बी न्हाई. म्हंजी मला बी शुगर न्हाई." मागच्या गाडीवानाने हाळी दिली, बैल पुढे सरकले आणि तात्या हसत निघून गेले.

माझी अवस्था काय झाली ती सांगणे कठीण आहे. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. तरीही माझ्या नकाराने जसे एक खोटे उभे राहिले होते, तसेच माझ्या रिकाम्या खोलीने दुसरे. पहिले मुलीच्या विरुद्ध, दुसरे तिच्या बाजूने, एवढाच फरक. बाजूने आहे म्हणून ते चालू द्यायचे काय? मी काट्यावर एका गाडीचे वजन दुसऱ्याच नावावर लिहिले; नोंदीत अशी चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. अखेर कागद ओढून तात्यांना पत्र लिहिले. 'आपण पाहिलेला कप्पा रुग्णालयाने जागा सोडल्यामुळे पूर्णतः रिकामा करण्यात आला होता. तो रिकामा असल्यावरून कोणाही व्यक्तीच्या आरोग्याविषयी अनुकूल वा प्रतिकूल असा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.' नाव कोणाचे नाही, गुपित कोणाचे नाही, आणि तात्यांची फसवणूकही नाही. मला ते पत्र निर्दोष वाटले. तरी पाकीट बंद करण्यापूर्वी ते कल्पनाला दाखवणे मला भाग होते, कारण नुकसान झाले तर तिचे होणार होते.

तिने रुग्णालयाच्या व्हरांड्यात ते दोनदा वाचले. मी म्हणालो, "तू नको म्हणालीस, तर मी फाडीन. पण मला ते बरोबर वाटणार नाही."

पत्राची घडी नीट घालून तिने माझ्या हातात दिली. "टपालात टाका, सर. नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही."

"आणि तुझे?"

"तात्यांना सही येते, वाचता येत नाही. त्यांची सगळी टपालं रविवारी सतीश वाचून दाखवतात."

मी तिच्याकडे पाहिले. ती समोरच्या झाडाकडे पाहत होती. मी पत्र टपालात टाकले. रजिस्टर केले.

लग्न उन्हाळ्यात झाले. बबनरावांनी टेम्पोलाही तोरण बांधले होते. मला निमंत्रण दोन्ही बाजूंनी आले. पंगतीला बसलो असता तात्या फिरत फिरत माझ्यापुढे आले, खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, पत्र मिळालं बरं का तुमचं. सतीशनं वाचून दावलं. लई सुंदर लिवलं तुमी. पोरीला येवढा आशीर्वाद तिच्या सख्ख्या चुलत्यानं बी दिला न्हाई."

त्यावर खुलासा करावा की करू नये, याचा विचार मी जिलबी पानात पडेपर्यंत करत होतो. मग जेवलो.